छाप्याची बातमी लागते, सुटण्याची लागत नाही

पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तेव्हा वाचा. घरात सोळा ते पंचवीस वयाचं कुणी असेल तर नक्की वाचा.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. वॉशिंग मशीनमध्ये कपडे टाकताना बायकोला भाच्याच्या जीन्सच्या खिशात एक वस्तू सापडली. बोटभर लांब, निळी, गुळगुळीत. तिला वाटलं पेनड्राइव्ह. तिने माझ्यासमोर आणून ठेवली. मी ओळखली, कारण त्याच आठवड्यात मी बातमी दिली होती: बेकायदा ई-सिगारेट विक्री, एक ताब्यात, इतक्या रुपयांचा माल जप्त. फोटोसह दोन कॉलम. टेबलावर मांडलेल्या मालात हीच निळी वस्तू पहिल्या रांगेत होती.

भाचा एकवीस वर्षांचा. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, आमच्याकडेच राहून शिकतोय. मी जे केलं ते सांगतो, लपवत नाही. ती वस्तू त्याच्यासमोर पायाखाली चिरडली. तुझ्या आईला आत्ता फोन लावतो म्हणालो. पट्टीचं ओरडलो. तो काही बोलला नाही. पुढचे आठ दिवस आमच्याबरोबर जेवला नाही. दहाव्या दिवशी त्याच्याकडे दुसरी वस्तू होती, या वेळी हिरवी.

दुसऱ्यांदा ओरडायला तोंड उघडलं तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "मामा, तुम्हाला गुटखा सोडायला किती वर्षं लागली?"

पंधरा. १९९८ ला कॉलेजात असताना लागला, २०१३ ला सुटला. घरात सगळ्यांना माहीत आहे.

त्या रात्री झोप लागली नाही. पत्रकारितेतली पंचवीस वर्षं मी तंबाखूच्या बातम्या देतोय. बंदीच्या, जप्तीच्या, छाप्याच्या. सोडण्याबद्दल एक ओळ तरी लिहिली का, म्हणून जुनी कात्रणं काढून बसलो. त्या कात्रणांतून आणि त्यानंतरच्या वाचनातून जे हाती लागलं ते इथे मांडतो. भाच्याची परवानगी घेतली आहे.

सुरुवात घरापासून करतो. मी सिन्नरचा. नाशिकहून पुण्याकडे निघालात की तीसेक किलोमीटरवर आमचं गाव. आज लोक सिन्नर म्हटलं की एमआयडीसी म्हणतात, पण आमच्या आधीच्या पिढ्यांसाठी सिन्नर म्हणजे विडी. तालुका अवर्षणप्रवण. शेतीवर वर्ष निघायचं नाही, म्हणून घरोघरी बायका विड्या वळायच्या. माझी आजीही वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखूचा चुरा, भिजवून कापलेली टेंभुर्णीची पानं आणि दोऱ्याचं रीळ. बोटं इतकी भराभर चालायची की बघत राहावं. हिशेब हजारावर. याच रस्त्याने पुढे संगमनेरला गेलात की जर्द्याचं गाव. म्हणजे नाशिक-पुणे हायवेवर तंबाखू ओढायची आणि चघळायची अशी दोन्ही दुकानं शेजारी शेजारी होती असं म्हटलं तरी चालेल.

हे सांगायचं कारण, तंबाखू आमच्याकडे बाहेरून आलेली बला नव्हती. ती चुलीला सरपण देत होती. माझ्या शाळेची फी त्या सुपातून निघाली. सरकारनेही त्या बायकांसाठी १९६६ मध्ये विडी कामगारांचा कायदा केला, १९७६ मध्ये कल्याण निधीचा. ते योग्यच झालं. पण तंबाखूकडे धंदा, मजुरी आणि महसूल म्हणून बघायची सवय आपल्याला किती जुनी आहे ते यातून कळतं. ओढणाऱ्याकडे माणूस म्हणून बघायची वेळ फार उशिरा आली.

आता चारशे वर्षं मागे जाऊ. तंबाखू पोर्तुगीजांनी हिंदुस्थानात आणली हे आपण शाळेत शिकलो. ती मोगल दरबारात कशी पोचली याची गोष्ट मात्र आपल्या दख्खनशी जोडलेली आहे. अकबराचा असदबेग नावाचा अधिकारी विजापूरच्या आदिलशाहीत वकिलीसाठी आला होता. तिथे त्याने पहिल्यांदा तंबाखू पाहिली. साधारण १६०४ च्या सुमारास तो परतला तेव्हा रत्नजडित हुक्का आणि भरपूर तंबाखू घेऊन गेला आणि बादशहापुढे ठेवली. असदबेगने हा सगळा प्रसंग स्वतःच लिहून ठेवला आहे.

बादशहाने दोन झुरके घेतले. हकिमाने अडवलं. आमच्या ग्रंथांत हिच्याबद्दल काही नाही, कुणी पारखलेली नाही, हुजुरांनी घेऊ नये, असं त्याचं म्हणणं. असदबेगने युक्तिवाद केला की फिरंगी लोक इतके शहाणे, ते काय विचार न करता ओढतात? हकीम म्हणाला, फिरंगी करतात म्हणून पारख न करता आपण कशाला करायचं? अकबराने पुढे ओढली नाही. पण दरबारातल्या सरदारांना असदबेगने वाटली होती, त्यांना गोडी लागली आणि व्यापाऱ्यांनी माल आणायला सुरुवात केली. पुढे १६१७ मध्ये जहांगीराने बंदीचा हुकूम काढला. तोवर उशीर झाला होता.

या एका प्रसंगात पुढची चारशे वर्षं आहेत बघा. नवी वस्तू येते. सुंदर असते, रत्नजडित असते. आधी वरच्या वर्गात फिरते. "बाहेरचे शहाणे लोक वापरतात" हा तिचा दाखला असतो. पारखणारा माणूस "थांबा" म्हणतो, तोवर बाजार पुढे गेलेला असतो. मग बंदी येते. आणि ज्यांना लागली त्यांचं काय, हे कुणी विचारत नाही.

दर वेळी वस्तूचं रूप बदललं आणि प्रत्येक रूपाने एकच गोष्ट सांगितली: मी ती आधीची नव्हे. तपकीर आली ती सर्दी-डोकेदुखीचं औषध म्हणून. मिशरी आली ती दात घासायची म्हणून. आमच्या आजीच्या पिढीतल्या कितीतरी बायकांना आपण तंबाखू घेतो हे मान्यच नव्हतं, "मी फक्त मिशरी लावते" म्हणायच्या. आमच्या गावावरून निवृत्तिनाथांची पालखी पंढरपूरला जाते. माळ घातली की दारू सुटते, मटण सुटतं. तंबाखूची पिशवी मात्र कमरेला राहिलेली मी कितीतरी जणांची पाहिली आहे. ती व्यसनात धरतच नाहीत.

मग माझ्या पिढीचा गुटखा. चकचकीत पुडी, वेलदोड्याचा वास, लग्नाच्या मांडवात ताटात ठेवायचे. "तंबाखू खातोस?" विचारलं तर आम्ही म्हणायचो, "छे, गुटखा खातो." त्यानंतर हुक्का पार्लरं. मुलं म्हणायची, फक्त फ्लेवर आहे. आणि आता वेप. मुलं म्हणतात, मामा, धूर नाही, वाफ आहे.

वाफ नाही हो. त्यात पाणी उकळत नसतं. प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन या द्रवात निकोटीन आणि वासाची रसायनं मिसळलेली असतात, बॅटरी ते तापवते आणि त्याचे बारीक कण फुप्फुसात जातात. ही वस्तू आजच्या रूपात २००३ च्या सुमारास होन लिक नावाच्या चिनी औषधतज्ज्ञाने बनवली. तो स्वतः सिगारेट ओढायचा, वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले होते. सिगारेट सुटावी म्हणून केलेली ही वस्तू. ब्रिटनमध्ये आजही सिगारेट सोडू पाहणाऱ्या मोठ्या माणसांना तिथली आरोग्यव्यवस्था वेपकडे वळायला सांगते, हेही खरं आहे आणि ते लपवायचं कारण नाही.

पण माझ्या भाच्याने आयुष्यात सिगारेट ओढली नव्हती. त्याला सोडायला काही नव्हतंच. त्याची सुरुवातच इथून झाली. मधल्या काळात धंद्याने एक युक्ती केली होती. साधं निकोटीन जास्त प्रमाणात घशाला लागतं, ठसका येतो. २०१५ च्या सुमारास अमेरिकेत जूल कंपनीने निकोटीनमध्ये आम्ल मिसळून त्याचा क्षार वापरला. ठसका गेला आणि प्रमाण वाढवता आलं. वर आंब्याचा, पुदिन्याचा वास. आमच्या वेळी पहिल्या पुडीने डोकं गरगरायचं, घाम फुटायचा. शरीर निदान एकदा नको म्हणायचं. आताच्या वस्तूने तो पहिला नकारही काढून टाकला.

आता कात्रणांकडे येतो. आपल्या राज्याचा इतिहास या बाबतीत कमी नाही. २००२ मध्ये महाराष्ट्राने गुटख्यावर बंदी घातली. मी तेव्हा नवा वार्ताहर होतो, खिशात पुडी ठेवूनच ती बातमी लिहिली. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी टिकू दिली नाही, राज्याच्या अन्न अधिकाऱ्याला असा अधिकार नाही म्हणून. मध्ये २००३ मध्ये केंद्राचा तंबाखू नियंत्रण कायदा आला. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानबंदीचे कडक नियम. जुलै २०१२ मध्ये राज्याने नव्या अन्न सुरक्षा नियमांच्या आधारे पुन्हा गुटखाबंदी केली, ती दरवर्षी वाढवत आणली. २०१७ च्या डिसेंबरात मुंबईत कमला मिलची आग लागली, १४ जीव गेले. त्यानंतर २०१८ मध्ये हुक्का पार्लरबंदी. आणि १८ सप्टेंबर २०१९ ला केंद्राचा ई-सिगारेटबंदीचा अध्यादेश, डिसेंबरात त्याचा कायदा: उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात, साठा सगळं बंद. विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

या प्रत्येक तारखेला माझी बातमी आहे. मी बंदीच्या विरोधात नाही. लहान मुलांच्या नजरेसमोरून वस्तू हटते, किंमत वाढते, नवे कमी लागतात. २००९-१० च्या पाहणीत महाराष्ट्रात ३१.४ टक्के प्रौढ तंबाखू घेत होते, २०१६-१७ मध्ये ते प्रमाण २६.६ टक्क्यांवर आलं. हे थोडं नाही. पण राहिलेल्या चौघांतल्या एकाचं काय?

माझंच सांगतो. २०१२ ला गुटखा बंद झाला. मी सोडला का? नाही. टपरीवाल्याने खालून काढून दिला, दुप्पट पैसे घेतले. पुढे सुपारी एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत यायला लागली. दोन्ही तळहातावर मिसळायच्या, झाला गुटखा. मी बंदीची बातमी देऊन ऑफिसबाहेर येऊन तेच करायचो.

सुटला तो दुसऱ्याच कारणाने. दाढ दुखते म्हणून डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, तीन बोटं उभी तोंडात घालून दाखवा. दोनच गेली. गाल आतून ताठ झाले होते. डॉक्टर ओरडले नाहीत. म्हणाले, "हे अजून इथेच थांबवता येईल. एकट्याने नका करू, कुणीतरी बरोबर घ्या." आमचा एक फोटोग्राफर मित्रही खायचा. दोघांनी एकाच दिवशी सोडला. रोज रात्री साडेनऊला, पान लागायच्या वेळी, हमखास तलफ यायची. तेव्हा तो मला फोन करायचा किंवा मी त्याला. काही महत्त्वाचं बोलायचो नाही. "आहेस ना?" "आहे." एवढंच. तीनदा घसरलो, चौथ्यांदा टिकलो.

म्हणजे पंधरा वर्षांत बंदीच्या दोन बातम्यांनी जे झालं नाही ते न ओरडणाऱ्या एका डॉक्टरने आणि रात्रीच्या फोनने झालं. तरीही भाच्याच्या वेळी मी काय केलं? चिरडलं आणि ओरडलो. मीही छापाच टाकला.

कात्रणं चाळताना मला आणखी एक जुनी गोष्ट आठवली. महाराष्ट्रात तरुण पोरं व्यसनात जाताहेत म्हणून आरडाओरड होण्याची ही पहिली वेळ नाही. १९८० च्या दशकात मुंबई-पुण्यात गर्द आलं. ब्राऊन शुगर. चांगल्या घरातली, कॉलेजातली मुलं घरातली भांडी विकायला लागली. पोलिसांनाही नवीन, आईबापांनाही नवीन. १९८५ मध्ये केंद्राने अमली पदार्थविरोधी कायदा केला. फार कडक कायदा, आजही तोच आहे.

त्याच सुमारास पुण्यात अनिल अवचट या विषयाच्या मागे लागले. ते डॉक्टर होते, पण त्यांनी आयुष्य लिहिण्यात घालवलं. गर्द घेणाऱ्या मुलांना भेटले, त्यांच्या घरी गेले, अड्ड्यांवर गेले, लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि मदतीला उभे राहिले. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. २९ ऑगस्ट १९८६ रोजी तिथेच मुक्तांगण सुरू झालं. कायद्यानंतर एका वर्षात!

मुक्तांगणची पद्धत आज ऐकायला साधी वाटते, तेव्हा ती नव्हती. आलेल्याला गुन्हेगार समजायचं नाही. बायकोला, आईला वेगळं बसवून तिचंही ऐकायचं. बरा झालेलाच पुढच्याला धरून चालतो, म्हणून जुने रुग्ण तिथे कार्यकर्ते आणि समुपदेशक झाले. घसरला तर दार बंद करायचं नाही. घरी गेल्यावरही भेटी चालू ठेवायच्या. अनिताताई १९९७ मध्ये गेल्या, अवचट २०२२ मध्ये गेले, संस्था चालूच आहे. मुक्ता पुणतांबेकर ती चालवतात.

मी हे वाचत होतो आणि मला माझीच लाज वाटत होती. एका लेखकाच्या लेखांमधून व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं. माझ्या छाप्याच्या बातम्यांमधून काय उभं राहिलं? भाच्याने नंतर मला हसत सांगितलं, "मामा, तुमच्या बातमीच्या फोटोमुळे आमच्या ग्रुपला कळलं की आणखी कुठले ब्रँड मिळतात." हसावं की रडावं!

वेपचा कायदा २०१९ चा. त्याचं मुक्तांगण कुठे आहे?

मदत अजिबात नाही असं नाही. तंबाखू सोडण्यासाठी केंद्र सरकारची फुकट हेल्पलाइन २०१६ पासून आहे: १८००-११-२३५६. त्यातलं एक केंद्र मुंबईत टाटा मेमोरिअलमध्ये आहे. समुपदेशक बोलतात, सोडायचा दिवस ठरवायला मदत करतात, नंतर स्वतः फोन करून विचारपूस करतात. १ सप्टेंबर २०१८ पासून हा नंबर सिगारेट, विडी, तंबाखूच्या प्रत्येक पाकिटावर छापणं सक्तीचं झालं. आमच्या सिन्नरच्या विडीच्या बंडलावरसुद्धा तो आहे.

आता नीट लक्ष द्या. विडी ओढणाऱ्या म्हाताऱ्याच्या हातात रोज तो नंबर जातो. वेप ओढणाऱ्या पोराच्या हातात तो कधीच जात नाही. कारण ती वस्तू चोरून आलेली. तिच्या खोक्यावर आपला इशारा नाही, चित्र नाही, नंबर नाही. बंदीने दुकान बंद केलं हे बरोबर, पण त्या दुकानाच्या पाटीवरची सुटकेची ओळही तिच्याबरोबर गेली. ती दुसरीकडे कुठेतरी लिहायला हवी होती. ते काम राहून गेलं. शाळा-कॉलेजांचं, आरोग्य खात्याचं आणि आम्हा पत्रकारांचंही.

दुसरी अडचण लाजेची नाही, भीतीची आहे. कायद्यात नुसतं ओढणाऱ्याला शिक्षा लिहिलेली नाही. पण पोराला ते माहीत नसतं. त्याला वाटतं, कबूल केलं तर पोलीस, कॉलेजातून काढतील, प्लेसमेंट जाईल. म्हणून तो डॉक्टरला सांगत नाही, सरांना सांगत नाही, घरी तर नाहीच. वास येत नाही म्हणून आपल्यालाही कळत नाही. सिगारेट निदान संपते, विझवावी लागते. हे संपतच नाही. भाचा म्हणाला, "उशीखाली असायचं. रात्री जाग आली की एक कश. सकाळी डोळे उघडायच्या आधी एक." त्याने मोजायचंच सोडलं होतं.

सुटतं कसं, यावर आता बरंच काम झालंय. अमेरिकेत १८ ते २४ वयाच्या अडीच हजारांवर वेप ओढणाऱ्या तरुणांवर एक प्रयोग झाला, २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला मोबाइलवर मेसेज पाठवले. उपदेशाचे नाहीत, त्याच वयाच्या सोडणाऱ्या मुलांचे अनुभव, आणि तलफ आली की काय करायचं याचे. सात महिन्यांनी मेसेज मिळालेल्या गटात २४.१ टक्के सुटलेले होते, दुसऱ्या गटात १८.६ टक्के. फरक आभाळाएवढा नाही. पण नुसत्या मेसेजने झालेला आहे. २०२५ मध्ये १६ ते २५ वयोगटावरचा आणखी एक अभ्यास आला. त्यात व्हरेनिक्लिन नावाची गोळी, मेसेज आणि समुपदेशन मिळालेल्यांपैकी बारा आठवड्यांच्या शेवटी निम्मे जण सोडलेले होते. नकली गोळी मिळालेल्यांत सातांतला एक. गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायची, स्वतःच्या मनाने नाही. सांगायचा मुद्दा इतकाच की "मनावर घे म्हणजे सुटेल" हे पुरेसं नाही. ज्याला निकोटीन लागलंय त्याच्या मेंदूत बदल झालेला असतो, आणि पंचविशीपर्यंत तर मेंदू घडतच असतो.

आमच्या घरात काय झालं ते सांगतो. मी भाच्याची माफी मागितली. खरंच मागितली, चहाच्या टेबलावर, बायकोसमोर. मग त्याला माझी दोन बोटांची गोष्ट सांगितली, जी मी कधीच नीट सांगितली नव्हती. म्हणालो, "कधी सोडायचं ते तू ठरव, मी विचारणार नाही. पण ठरवलंस की मला सांग." अकरा दिवसांनी त्याने सांगितलं. हेल्पलाइनला फोन त्यानेच केला, मी बाहेर गॅलरीत उभा होतो. परीक्षेच्या आठवड्यात नको, त्यानंतरचा सोमवार धरला.

पहिले तीन दिवस वाईट गेले. चिडचिड, डोकेदुखी, झोप नाही. बायकोने त्याच्यासाठी बडीशेप, लवंग, भाजलेले चणे डब्यात भरून ठेवले. हाताला आणि तोंडाला काहीतरी लागतं. तलफ आली की पाच-दहा मिनिटं काढायची, ती लाट ओसरते, हे त्याला समुपदेशकांनी सांगितलं होतं. तो सोसायटीला फेऱ्या मारायचा. सतराव्या दिवशी मित्राच्या वाढदिवसाला गंगापूर रोडला गेला आणि ओढून आला. घरी येऊन स्वतः सांगितलं. मला घशाशी आलं होतं, पण गिळलं. "मी तीनदा घसरलो होतो," एवढंच म्हणालो. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पहिला दिवस.

आज एकोणचाळिसावा दिवस आहे. जिंकलो असं म्हणत नाही. पुढच्या महिन्यात त्याचा मुलाखतींचा काळ आहे, तेव्हा परीक्षा. रोज रात्री साडेनऊला तो आता आपल्या एका वर्गमित्राला फोन करतो. तोही सोडतोय. काय बोलतात माहीत नाही, पण फोन दीड मिनिटाच्या वर जात नाही. मला अंदाज आहे.

नाशिककरांनो, आपल्या शहरात आता बाहेरगावची किती मुलं शिकायला येतात बघा. कॉलेज रोड, गंगापूर रोड, सातपूर, आडगाव, सगळीकडे होस्टेल आणि फ्लॅट शेअर करून राहणारी पोरं. त्यांच्या घरी वॉशिंग मशीनमध्ये खिसे तपासणारी मामी नाही. म्हणून माझं म्हणणं तीन गोष्टींचं आहे.

कॉलेजांनी नियमांच्या पाटीखाली हेल्पलाइनचा नंबर लिहावा, आणि "सोडायचं आहे" म्हणून स्वतःहून येणाऱ्यावर कारवाई होणार नाही असं स्पष्ट लेखी सांगावं. ते सांगितल्याशिवाय कुणी येणार नाही.

आईबापांनी, मामा-काकांनी वस्तू सापडल्यावर पहिली रात्र गप्प राहावं. दुसऱ्या दिवशी विचारावं: किती दिवस झाले, सोडावंसं वाटतं का. मी उलट केलं, त्यात माझे वीस दिवस गेले.

आणि आम्ही पत्रकारांनी. मी आता ई-सिगारेटच्या छाप्याची प्रत्येक बातमी देताना शेवटी एक ओळ जोडतो. पहिल्यांदा ती जागेअभावी कापली गेली. शेवटची ओळ कापली जाते, हा धंद्याचा नियम मला माहीत होता. दुसऱ्यांदा मी ती दुसऱ्या परिच्छेदात घातली. राहिली. आणि फोटोत ब्रँडची नावं दिसू नयेत एवढी विनंती फोटोग्राफरला करतो. तोच तो, साडेनऊच्या फोनवाला. त्याला कारण सांगावं लागत नाही.

ती ओळ इथेही देतो. तंबाखू, गुटखा, विडी, सिगारेट, वेप, जे काही असेल ते सोडायचं असेल तर: १८००-११-२३५६, फोन मोफत आहे.

कुणी सोडलं असेल, सोडत असेल, घसरून पुन्हा सुरू केलं असेल तर खाली लिहा. नाव नको असेल तर मला इनबॉक्सला लिहा. पुढची बातमी मला त्याची द्यायची आहे.